हजेरीची रांगोळी

आमच्या मोठ्या बाईंनी दिलेले शेंगदाणे मी एकदाच खाल्ले, आणि खाताना मला ठाऊक नव्हतं की मी शाळेतल्या मुली खातेय.

शाळेत रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मधल्या सुट्टीत बाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर भाजलेले दाणे ओळीनं मांडायला घेतले. मला वाटलं, खवट निवडतायत. वरची ओळ लांब होती, तिच्या खालची थोडी आखूड, त्याखालची आणखी आखूड. प्रत्येक ओळीच्या टोकाचे दाणे उचलून त्या माझ्या हातावर ठेवायच्या आणि खा म्हणायच्या. नव्या नोकरीत मुख्याध्यापिका खा म्हणते तर नको कोण म्हणणार? मी खात गेले. दाणे खमंगही होते. शेवटच्या ओळीत चिमूटभर दाणे उरले तेव्हा त्यांनी सांगितलं की वरची ओळ म्हणजे पहिलीत नाव घातलेल्या मुली, आणि तीच तुकडी वर्षावर्षानं खाली येत आठवीपर्यंत आलीय.

"मधल्या कुठं गेल्या म्हून सगळे इचारतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोटात गेल्या, नव्या बाई."

मी परभणीत वाढलेली, गणित घेऊन बीएस्सी झालेली. सोनपेठ तालुक्यातल्या गोदाकाठच्या त्या गावात लॅपटॉप घेऊन आले होते, आणि आलेखाचं ज्ञान गावाला आपणच द्यायचंय असा माझा समज होता. त्या दिवशी मी हौदावर जाऊन चूळ भरली. चूळ भरून काय होणार होतं, कुणास ठाऊक.

गावात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत आणि त्या मला शेवटपर्यंत नव्या बाई म्हणाल्या. अंगानं काटकुळ्या, चालणं झपाझपा, आवाज मात्र इतका खालचा की ऐकणाऱ्याला वाकावं लागे. त्यांचे वडील निजामाच्या काळात जमिनीचे नक्शे काढायच्या कामावर होते. रेघ ओढायचं वेड तिथून आलं, असं त्या सांगत. त्यांना कुठलीही गोष्ट ओळीत किंवा ठिपक्यांत मांडल्याशिवाय कळतच नसे. वाळवणाच्या मिरच्या पत्र्यावर घातल्या तर त्यातही वाडीवस्त्या दिसत. चहा पिताना टेबलावर बिस्किटाचे तुकडे मांडून, हे जिंतूर, हे वालूर, हे आपण, असं काहीतरी सुरू व्हायचं. माझ्या लॅपटॉपवरचा गोल आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी तो बराच वेळ निरखला. मग विचारलं, "ही भाकर लय गोल झालीय. पण कुणी कुणी खाल्ली, हे कुठं दिसतंय?"

मला राग आला होता. नंतर कितीतरी वेळा तो प्रश्न मी दुसऱ्यांना विचारलाय, स्वतःचा असल्यासारखा.

त्यांची खरी हजेरी पटावर नसायची. पट असायचाच, सरकारी होता, तो मीच भरत होते. बाईंची हजेरी शाळेच्या दारापुढं असायची. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या अंगणात सडा घालत आणि रांगोळीचे ठिपके मांडत. एक मूल, एक ठिपका. गाव जसं वसलंय तसे ते ठिपके: नदीकडची आळी खाली, मारुतीच्या पाराकडची वर, तांड्यावरची मुलं डावीकडं कोपऱ्यात. कोणाचा ठिपका कुठं, हे त्यांना पाठ होतं आणि सहा महिन्यांत मुलांनाही पाठ झालं. मग बाई पायरीवर बसत. मूल फाटकातून आत आलं की त्याचा ठिपका शेजारच्याला जोडत. प्रार्थनेच्या वेळेपर्यंत सगळे आले असतील तर एकही टोक मोकळं न राहता जाळी पुरी व्हायची, आणि ती इतकी देखणी दिसायची की पाणी भरायला निघालेल्या बायका घागर कमरेवर घेऊन थांबून बघायच्या.

पण असे दिवस आषाढ-श्रावणातले. कापसाची वेचणी लागली की मुलींचे ठिपके विरळ सुटायला लागत. दसरा झाला, की नदीकडची अख्खी आळी सुटून जाई. ऊसतोडीला जाणारे ट्रॅक्टर एकामागून एक गाव सोडायचे, त्यांच्यावर माणसं, भांडी, कोंबड्या आणि आमची अर्धी शाळा. दुसऱ्या दिवशी बाई तितकेच ठिपके मांडायच्या. मी एकदा म्हटलं, जे गेले त्यांचे कशाला मांडता. त्यांनी मान वर न करता सांगितलं की न मांडले तर ते गेले हे कसं कळेल.

त्या महिन्यांत गाव बघवायचं नाही. दाराला कुलूप, कुलपाला फडकं, ओट्यावर एखादी म्हातारी नाहीतर कुत्रं. बाई संध्याकाळी त्या आळीतून फिरायच्या आणि बंद दारांपाशी थांबून मुलांची विचारपूस करायच्या, दार उघडं असल्यासारखी. "दप्तर ठेवलंस का गं नीट?" असं कुलपाला विचारताना मी त्यांना स्वतः ऐकलंय. वर्गातही गाव सोडून गेलेल्यांची नावं घ्यायच्या आणि प्रत्येक नावानंतर थांबायच्या. एकदा मी शेजारच्या खोलीत फळा पुसत होते. बाईंनी एका गेलेल्या मुलीचं नाव घेतलं, त्या थांबल्या, आणि मागच्या बाकावरून "हजर" असं स्पष्ट ऐकू आलं. मी धावत गेले. वर्गात होती ती मुलं तोंडं पाडून बसली होती. कुणी बोललं, ते कुणी सांगेना. मला वाटलं बाई रागावतील. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं.

इथवर मला त्या विक्षिप्त वाटत होत्या, एवढंच. भीती वाटायला लागली ती छायामुळं.

छाया सातवीत होती. शांत, एक वेणी घालणारी. एका सकाळी ती माझ्यासमोर फाटकातून आत आली, बाईंना नमस्ते म्हणाली, वर्गात जाऊन बसली. बाईंनी तिचा ठिपका जोडला नाही. मला वाटलं चुकून राहिला. मी दाखवूनही दिलं की छाया आलीय.

"आलीय," बाई म्हणाल्या. "पण निघालीय ती."

दुसऱ्या दिवशीही छाया वर्गात आणि तिचा ठिपका मोकळा. ती रोज येत होती, गृहपाठ दाखवत होती, पुढच्या पाठाचं विचारत होती, आणि दारात तिच्या नावाचं ते एकटं टिंब पडलेलं असायचं. मुलांनी ते पाहिलं. डब्याच्या वेळी तिच्याशेजारी कुणी बसेना. दसऱ्याच्या आत छायाचं मामाच्या गावी मामाच्या मुलाशी लग्न लागलं, आणि लग्नाची हळद अंगावर असतानाच ती ट्रॅक्टरवर चढली.

मी बाईंवर चिडले. ठाऊक होतं तर कळवलं का नाही, असं चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी कळवलं होतं. दोनदा. पोलीस आले होते, आईबापांनी कागदावर अंगठे दिले होते, मांडव उतरला होता. मग लग्न मामाच्या गावच्या देवळात लागलं. बाई म्हणाल्या की लग्न मोडत नाही, नुसतं गाव बदलतं. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

गावानं मात्र वेगळाच अर्थ लावला. बाईंनी ठिपका सोडला म्हणून छाया गेली, असं पाण्यावर, पारावर, गिरणीत बोललं जाऊ लागलं. आधीच्या सालातल्या सुटलेल्या ठिपक्यांच्या आठवणी निघाल्या. मग सकाळी रांगोळीतला एखादा ठिपका पायानं पुसलेला सापडायला लागला. कुठल्या तरी आईनं आपल्या मुलीचा डाग तिथून मिटवलेला असायचा. फाटकाला एकदा काळी बाहुली बांधलेली मिळाली. मुली सकाळी धावत यायच्या आणि बाईंपुढं उभ्या राहायच्या, आधी मला जोडा म्हणून. एका वर्षात मुलींची हजेरी अशी काही सुधारली की पाहणीला आलेल्या साहेबांनी माझ्या लॅपटॉपवरचा चढता आलेख बघून शाळेचं कौतुक केलं आणि त्याचा फोटो काढून नेला. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. साहेब गेल्यावर म्हणाल्या, "ही भ्यालेली हजेरी हाय, नव्या बाई. हिला वर गेलेली म्हणू नये."

शाळा समितीचे अध्यक्ष, भला माणूस, हात जोडून आले. रांगोळी बंद करा म्हणाले, लोक बिथरलेत. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "मी काढते म्हून होत न्हाई, पाटील. व्हायलंय म्हून काढते." अध्यक्षांनी तो चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही.

त्यांना आधी कळतं कसं, हे मला एका सर्वेक्षणानं कळलं. शहरातल्या कुठल्याशा संस्थेची मुलं स्थलांतराची माहिती गोळा करायला आली होती. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, वागायला गोड. घरोघरी जाऊन विचारायची, तुमच्या घरातून तोडीला किती जातात. लोक सांगायचे, एक कोयता. कुणी सांगायचं दोन कोयते. मुलांनी एकाला एक लिहिलं, दोनाला दोन. जाण्याआधी त्यांनी शाळेच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावून गावाला आलेख दाखवला. निळे खांब, खाली आळ्यांची नावं. गाव खाली सतरंजीवर बसलं होतं, पुरुष पुढं, बायका मागं.

मागून एक बाई उठली. आमच्या शाळेतल्या वर्षाची आई. ती आधीच्या हंगामात मोळ्यांच्या गाडीवरून पडली होती, कमरेतून वाकून काठीवर उभी राहायची. तिनं विचारलं, "यात मी कुठं हाय?"

संस्थेतल्या मुलीनं नदीकडच्या आळीचा खांब दाखवला. म्हणाली, ताई, तुम्ही यातच आहात, हा बघा तुमच्या घरचा कोयता.

"कोयता तर ह्यांच्या नावाचा हाय," वर्षाची आई म्हणाली.

सगळे हसले आणि मग हळूहळू हसायचे थांबले. कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. मुकादम, म्हणजे तोडीची टोळी जमवणारा, नवरा-बायकोची जोडी उचलतो, आणि त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. तो तोडणार, ती मोळी बांधून डोक्यावर वाहणार. हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं, म्हणून कुणी वेगळं सांगितलं नाही. शहरातल्या मुलांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं नाही. भिंतीवरच्या त्या निळ्या खांबांत गावातली तोडीला जाणारी एकही बाई नव्हती. त्या सगळ्या खाली बसल्या होत्या आणि आपण नसलेलं चित्र बघत होत्या. मोठ्या बाई भिंतीकडं बघत नव्हत्याच. त्या वर्षाच्या आईकडं बघत होत्या.

घरी जाताना त्या मला म्हणाल्या की एवढ्यावरच सगळं आहे. मुकादम अर्धा कोयता घेत नाही. घेतलाच तर गडी हलक्या कामाला लावतो. म्हणून कुठल्याही घरात कोयता अर्धा झाला, बाई दुखण्याला पडली, मेली, नाहीतर पोरगा वयात आला आणि जोडी नाही, की मोठ्या बाई त्या घरापासून नजरेनं रेघ धरायच्या आणि ती जवळच्या कुठल्या मुलीपाशी जाते ते बघायच्या. छायाच्या मामाच्या घरी पोरगा एकटा होता. रेघ छायापाशी येत होती. यात मंत्र नव्हता, जादू नव्हती. बघायला गेलं तर सरळ भूमिती होती. पण मला त्यानं धीर यायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली, कारण वर्षाची आई वाकलेली होती, आणि त्या घरातला कोयता अर्धा झालेला मलाही दिसत होता.

वर्षा सातवीत होती आणि तिच्यावर माझा जीव जरा जास्तच होता, हे कबूल करायला हरकत नाही. फार हुशार नव्हती. वटवट करायची, खिदळायची, कुणाचा तरी ढगळ स्वेटर घालून यायची आणि परभणीच्या एसटीत खिडकीची जागा मिळते का, असले प्रश्न मला भूमितीच्या तासाला विचारायची. भाऊ तिच्याहून लहान होता. म्हणजे बापाबरोबर मोळ्या वाहायला घरात वर्षाच होती. एकदा गेली की ती परत शाळेत येणार नाही आणि पुढच्या साली कुणाच्या तरी कोयत्याची दुसरी बाजू होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दसरा तोंडावर आला तेव्हा बाईंनी वर्षाचा ठिपका जोडायचा सोडला.

वर्षाचं खिदळणं त्या दिवशी थांबलं. ती ठिपक्याशेजारी उभी राहिली, बराच वेळ. मग वर्गात गेली. मी बाईंना त्या दुपारी पहिल्यांदाच विनवलं. म्हटलं, लोक तुमच्या रेघेला घाबरतात तर घाबरू द्या. जोडा तिला. जोडलेली रेघ तोडली तर घराचं वाईट होईल असं उठवा गावात. खोटंच सही, पोरगी वाचेल. बाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या की नक्शात एक रेघ खोटी घातली की बाकीच्या खऱ्या रेघांवर कुणाचा विश्वास राहत नाही, त्यांचा स्वतःचाही नाही. मग बराच वेळ हात चोळत बसल्या. त्यांना झोप लागत नाही, हे त्यांच्या डोळ्यांवरून मला दिसत होतं.

संध्याकाळी वर्षाची आई आली. काठी टेकत फाटकापासून पायरीपर्यंत यायला तिला फार वेळ लागला. ती रडली नाही. पोरीला जोडा, एवढंच म्हणाली.

"माझ्या हातात न्हाई ते," बाई म्हणाल्या. "रेघ तुमच्या घरातून येती. मी नुसती बघती."

वर्षाच्या आईनं त्यावर वाद घातला नाही. तिनं अंगणात, सकाळची रांगोळी विस्कटून गेली होती तिथं, नजर फिरवली आणि विचारलं की यात सगळे पोरंच का, मोठ्या माणसांचे ठिपके कुठं असतात. बाई म्हणाल्या, मोठ्यांचे मी काढत नाही. "बरं," म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. बाई माझ्याआधी आलेल्या होत्या, पण सडा घातलेला नव्हता, रांगोळीचा डबा बंद होता, आणि त्या उंबऱ्याजवळ उभ्या होत्या. उंबऱ्याच्या दगडाला लागून, रोजची रांगोळी जिथं संपते त्याच्याही बाहेर, एक ठिपका होता. रांगोळीचा नव्हता. ज्वारीच्या पिठाचा होता, चिमटीतून सोडलेला, जाड, बाईंच्या ठिपक्यांच्या दुप्पट.

मी विचारलं, तुम्ही काढला का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. काळ्या बाहुलीला त्या हसल्या होत्या, ती सोडून त्यांनी मुलींना बोलक्या बाहुल्यांच्या खेळाला दिली होती. त्या सकाळी त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी ठिपक्याला धक्का न लावता सडा घातला, बाकीचे ठिपके मांडले आणि त्या पायरीवर बसल्या. वर्षा आली, खाली मान घालून. बाईंनी चिमूट उचलली आणि तिचा ठिपका शेजारच्याला जोडला.

मला आनंद झाला. मी म्हटलं, अखेर ऐकलंत माझं. बाईंनी माझ्याकडं वळून बघितलं.

"खोटी रेघ न्हाई ती," त्या म्हणाल्या. "त्या घरचा कोयता पुरा झाला."

दुपारी मुंग्यांची रांग लागली. त्यांनी ते पीठ कण कण करून नेलं. मुलं वर्गातून येता-जाता बघत होती आणि कुणी त्या रांगेवर पाय दिला नाही. मला बाईंच्या बोलण्याचा अर्थ ट्रॅक्टर निघाला तेव्हा लागला. वर्षा खाली उभी होती, भावाचा हात धरून, शाळेच्या कपड्यांत. वर, भांड्यांच्या पोत्याला टेकून तिची आई बसली होती. काठी तिनं घरीच ठेवली होती. मुकादमाला वाकलेली बाई दिसू नये म्हणून ती चढतानाही ताठ चढली, असं नंतर शेजारणीनं सांगितलं.

थंडीत निरोप आला. मोळी घेऊन उठताना ती बसली आणि परत उठली नाही. फडाच्या कडेलाच सगळं उरकलं. वर्षाला शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

मी बाईंना दोष देऊ शकले असते, गावानं दिलाच. बाईंनी रेघ जोडायला आईचा बळी घेतला, असं बोललं गेलं. बाईंनी त्याचा इन्कार केला नाही, रांगोळीही थांबवली नाही. फक्त आता त्या ठिपके मांडताना थांबत, हात हवेत धरून, कुणी काही सांगतंय आणि ते नीट ऐकू येत नाही अशा. एक गोष्ट मी आधी बघितली नव्हती, ती त्यांनीच दाखवली. उंबऱ्याजवळ, तो पिठाचा ठिपका होता तिथं, पोरं पाय ठेवत नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं. शंभरेक पोरं दिवसातून चारदा त्या दारातून धावायची आणि तळहाताएवढ्या जागेला वळसा घालायची. सगळ्या अंगणाची माती तुडवून गुळगुळीत झाली होती. तेवढी जागा भुसभुशीत राहिली. एकदा पहिलीतला एक नवा पोरगा, ज्याला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं, पळत आला आणि नेमका तिथं उडी मारून पलीकडं गेला. बाईंनी माझा दंड धरला, तो दुखेपर्यंत सोडला नाही.

वर्ष फिरलं. वर्षा आठवीत आली, उंच झाली, स्वेटर आखूड पडायला लागला. पुन्हा मुकादम गावात फिरायला लागला. बाई रोज वर्षाच्या ठिपक्यापाशी थबकत आणि मगच जोडत. उसनी आणलेली रेघ किती दिवस पुरणार, हे त्यांना माझ्यापेक्षा बरं कळत होतं.

एका सकाळी ठिपके मांडून झाले होते, मुलं यायची होती, आणि फाटकातून वर्षाचा बाप आला. सरळ माणूस होता. बायको गेल्यापासून तो कुणाशी बोलायचा नाही. टोपी काढून हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "पोरीचं नाव काढायला आलतो."

मराठीत नाव काढणं दोन तऱ्हेचं असतं. निरोपसमारंभात आम्ही मुलांना सांगतो ते एक. हे दुसरं होतं.

बाईंनी काहून म्हणून विचारलं नाही. तरी त्यानंच सांगितलं. मुकादम म्हणतो, कोयता अर्धा झालाय, पोरगी आण. घरात दुसरं कोण हाय. बोलताना तो जमिनीकडं बघत होता, आणि बघता बघता त्याला ठिपके दिसायला लागले असावेत. त्यानं विचारलं, "हिचा कुठला?"

बाईंनी वर्षाचा ठिपका दाखवला.

"न्हाई," तो म्हणाला. "हिचा. वर्षाच्या आईचा."

बाईंनी उंबऱ्याकडं बोट केलं. तिथं काही नव्हतं. तळहाताएवढी भुसभुशीत माती, बाकी काही नाही. तो गेला, उकिडवा बसला. त्याच्या हाताला उसाच्या पात्यांनी कापलेले जुने व्रण होते. त्यानं त्या मातीवर तळवा ठेवला आणि तसाच बसून राहिला. फाटकापाशी मुलं जमायला लागली होती, वर्षाही होती, पण एकही आत येत नव्हतं.

मग त्यानं बोट मातीत टेकवलं आणि तिथून ओढत नेलं. रांगोळी नाही, पीठ नाही, नुसतं बोट. उंबऱ्यापासून, ओळी ओलांडत, नदीकडच्या आळीपर्यंत, आपल्या पोरीच्या ठिपक्यापर्यंत. मधे दोन-तीन पोरांचे ठिपके त्याच्या हाताखाली पुसले गेले, ते त्याला कळलं नाही. रेघ वाकडीतिकडी झाली. ती ठिपक्याला भिडली तेव्हा तो उठला, गुडघे झाडले, टोपी घातली.

"ऱ्हाऊ द्या नाव," म्हणाला, आणि फाटकातल्या मुलांमधून वाट काढत निघून गेला. वर्षाच्या डोक्यावरून जाता जाता त्याचा हात फिरला.

त्या हंगामाला तो एकटाच गेला, अर्धा कोयता म्हणून, दुसऱ्यांच्या मोळ्या गाडीवर चढवायच्या हलक्या कामावर.

मुलं आत आली. बाई पायरीवर बसून होत्या, डबा मांडीवर, पण त्यांनी कुणाला जोडलं नाही. वर्षाचा ठिपका तेवढा जोडलेला, आणि तोही असा, मातीतल्या खरवडीनं. वाऱ्यानं ती मिटून जाईल म्हणून मी डब्यातली चिमूट उचलली आणि विचारलं, त्या रेघेत भरू का.

"नको," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला न वाकता ऐकू आला. "ती माझी न्हाई."